ओला वाळा आणि लिनक्स

चैत्र सरत आला की आमच्या गल्लीत कूलर उतरवण्याचा कार्यक्रम सुरू होतो. गच्चीवरून, माळ्यावरून, जिन्याखालून ते पत्र्याचं चौकोनी धूड बाहेर येतं, त्याच्या जुन्या जाळ्या उपसून फेकल्या जातात, नवीन वाळा भरला जातो आणि पहिलं पाणी सोडलं की तो ओला, मातकट, गोडसर वास घराघरातून फिरतो. या वासानं लोकांना गार वाटतं. मला संशय येतो. नक्की कशाचा ते सांगता येत नाही, पण मी हातातलं काम टाकून आधी संगणकाकडे बघते. तो चालू असतो. तरीही थोडा वेळ बघत राहते.

परवा भाच्यानं त्याच्या जुन्या लॅपटॉपवर माझ्या डोळ्यांदेखत लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी एक प्रणाली, बसवलं. चहा गाळून कपात ओतेपर्यंत काम झालंसुद्धा. यंत्रानं त्याला काही विचारलं नाही, अडलं नाही, धमकी दिली नाही. "झालं?" मी विचारलं. "झालं की," तो म्हणाला. "नीट बघ," मी म्हटलं. तो हसला. हसू दे. काहीही कुरकुर न करता पहिल्या फटक्यात बसणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि तो का नाही याला देवपूरचा एक उन्हाळा कारणीभूत आहे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्यात देवपूरच्या एका कॉलेजात संगणक शिकवत होते. जळगाव माझं माहेर, त्यामुळे उन्हाची मला नवलाई नव्हती. पण देवपूरचं ऊन वेगळंच होतं. पांझरेच्या कोरड्या पात्रावरून वारा यायचा तो तव्यावरून आल्यासारखा. गच्च्यागच्च्यांवर जुनी लुगडी अंथरून त्यांवर ज्वारीच्या बिबड्या पापडांसारख्या वाळत टाकलेल्या असायच्या, आणि भर दुपारी त्यांची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या सोडल्या तर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. नळाला पाणी यायचं ते आलं तर. म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीला बाहेरून बसवलेला भला मोठा कूलर रोज चालत नसे. त्यात ओतायला पाणी कुठून आणणार? तो चाले फक्त पाहुणा आला तर. कोणी वडीलधारं, मानाचं माणूस आलं की आमचे शिपाई उखाभाऊ व्हरांड्यात जाऊन साठवलेल्या पिंपातलं पाणी कूलरमध्ये ओतत, बटण दाबत, मग आत येऊन विचारत, "चाय की सरबत?" या रिवाजात कोणाला काही वावगं दिसत नव्हतं. मलाही नाही, आणि मला तर सगळ्यातच काहीतरी दिसायचं.

त्या वर्षी विद्यापीठानं अभ्यासक्रम बदलला. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला युनिक्स आलं. ज्या कॉलेजात ते चालत असेल तिथंच परीक्षा, नाहीतर मुलांनी नाशिकच्या केंद्रावर जायचं, असा हुकूम. आमच्याकडे होती कुठल्याशा कार्यालयानं दान दिलेली जुनी यंत्रं. दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण या गाईंना दातच नव्हते. त्यातलं जरा बरं एक निवडून त्यावर लिनक्स बसवायचं आणि बाकीची तारांनी त्याला जोडायची, असं मी ठरवलं. लिनक्स युनिक्ससारखंच वागतं, चालेल, असा निरोप विद्यापीठातून आला होता.

प्राचार्यांना ते पटेना. "फुकट आहे?" त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "मासिकाबरोबर सीडी फुकट आली? मॅडम, कोणी कोणाला फुकट काही देत नाही. आत विषाणू असेल." मी म्हटलं, सर, जगभरची माणसं मिळून हे लिहितात. त्यावर त्यांचा संशय दुप्पट झाला. "जगभरची? आणि त्यांना आपल्याशी काय घेणं?" खरं सांगायचं तर तोच प्रश्न मलाही पडला होता.

वर्गात सुनंदा नावाची मुलगी होती. गाव धरणगावजवळचं, घरी कापसाची शेती, आणि शिकायला ती देवपुरात मावशीकडे राहिलेली. बोलायची कमी, पण यंत्रापुढे बसली की बोटं थांबत नसत. एक दिवस वर्ग संपल्यावर ती फळा पुसत उभी राहिली. पुसलेला फळा पुन्हा पुसताना मी तिला पाहिलं आणि विचारलं, काय झालं?

तिच्यासाठी पाचोऱ्याचं स्थळ आलं होतं. त्या लोकांना आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त हवा होता. तिनं वडिलांकडे मागणं मागितलं होतं की पदवी पुरी होऊ द्या, नोकरी करून बघू द्या, मग लग्नाचं बोला. वडील म्हणाले, पास झालीस तर तुझं ऐकीन. पण परीक्षा इथं, मावशीच्या घरातून. नाशिकला जायचं असेल तर परीक्षाही नाही, पदवीही नाही, सरळ हळद.

"मॅडम, ते बसेल ना?" तिनं विचारलं.

"बसेल," मी म्हटलं. त्या क्षणापासून ते यंत्र मला वैऱ्यासारखं दिसायला लागलं.

प्रयोगशाळा मोकळी असायची ती रविवारीच. पहिल्या रविवारी यंत्र सीडीवरून सुरूच होईना. जुन्या यंत्रांना ती अक्कल नव्हती; आधी फ्लॉपीवरून सुरू करायचं, मग त्याला सीडी दाखवायची. फ्लॉपी बनवली, ती निम्म्यात खरखरली. दुसरी बनवली, तीही खरखरली. मी दुकानदारावर संशय घेतला, मग हवेतल्या धुळीवर, मग फ्लॉपीच्या खाचेवर. शेवटी एका विद्यार्थ्याच्या खेळांची फ्लॉपी पुसून घेतली तेव्हा पुढे सरकले, तर यंत्र म्हणे सीडी कुठाय? ती समोर फिरत होती, तिचा आवाज येत होता, आणि हे म्हणे कुठाय. ड्राइव्हच्या तारेची पट्टी भलत्याच कार्डात खोचलेली निघाली.

पुढच्या रविवारी अख्खं लिनक्स बसलं. दुपारभर एकेक नाव पडद्यावर सरकत गेलं आणि काम संपलं. मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. सुरू होताना पडद्यावर चार अक्षरांचा एक शब्द यायला हवा होता. त्यातली पहिली दोनच आली आणि यंत्र गप्प. निम्मा शब्द बोलून तोंड मिटणाऱ्या माणसाचा जसा राग येतो तसा मला त्याचा आला. ती डिस्क त्या जुन्या यंत्राच्या मानानं मोठी होती. सुरुवातीच्या भागापलीकडचं त्याला वाचताच येत नव्हतं. डिस्कच्या अगदी आरंभी एक छोटा कप्पा वेगळा काढून द्यायचा, म्हणजे सुरू होण्यापुरतं तिथं सापडेल, हा उपाय एका जुन्या पुस्तकात मिळाला. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून बसवायचं होतं. पण आता रोग कळला होता, औषध कळलं होतं. मी निर्धास्त झाले, आणि तिथंच चुकलं.

कारण त्यानंतर ते बसेचना.

निम्म्यावर यायचं आणि कोसळायचं. कधी पडदा काळा होऊन यंत्र आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायचं, कधी जागच्या जागी गोठायचं, कधी कसलातरी सिग्नल आल्याची इंग्रजी तक्रार लिहून थांबायचं. प्रत्येक वेळी वेगळ्या फाइलवर, वेगळ्या ठिकाणी. एकाच जागी अडलं असतं तर सीडीवर ओरखडा आहे म्हटलं असतं. हे तर मनाला येईल तिथं. आधी एकदा पूर्ण बसलं होतं ना? मग आता काय झालं? मी मेमरीवर संशय घेतला. एसटीनं जळगावला गेले, पारोळा, एरंडोल, खिडकीच्या पत्र्याला हात लावता येऊ नये असं ऊन, आणि माहेरी पाणीसुद्धा न पिता आधी दुकान गाठून दुसरी मेमरी आणली. ती घातली. तरी तेच.

मग मी माणसांकडे वळले. कोणी पट्टी सैल करतं का? कोणी मुद्दाम? कॉलेजात माझ्यावर जळणारे दोघे-तिघे होते. त्यांच्या चहाच्या वेळा मी लक्षात ठेवू लागले. यंत्राच्या झाकणाच्या फटीत केस अडकवून ठेवला, उघडलं तर कळावं म्हणून. केस जागेवर होता. त्यानं माझा संशय कमी झाला नाही, फक्त बेघर झाला.

उखाभाऊंचा संशय मात्र घरंदाज होता. त्यांनी एक दिवस मला बाजूला घेतलं. "मॅडम, राग येऊ देऊ नका. सुनंदाना बाप येस ना, त्यासनी दिठ वाईट शे. त्या उनात का मशीन बंद."

मी त्यांना रागावले. पण घरी जाऊन आठवत बसले, तर ते खरं होतं: तिचे वडील आले की यंत्र बंद पडत होतं.

सुनंदाचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, दर रविवारी लेकीला भेटायला यायचे आणि तिच्याबरोबर कॉलेजात येऊन यंत्राची चौकशी करायचे. उंच, शिडशिडीत माणूस, पांढरी टोपी, आणि डोळे असे की समोरच्याला वाटावं आपण काहीतरी लपवलंय. यंत्र पूर्ण बसलं होतं त्या रविवारी ते आले नव्हते. त्यांच्या येण्याला सुरुवात झाली त्यानंतर. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं मी स्वतःला समजावलं. पण कावळा दर रविवारी बसत होता आणि फांदी दर रविवारी मोडत होती. दृष्ट-बिष्ट मी मानत नव्हते. माझा संशय सुशिक्षित होता: या माणसाला हे यंत्र चालायलाच नकोय, आणि ते बंद पडलेलं बघायला तो नेमानं येतो.

गंमत म्हणजे त्यांनाही माझ्याबद्दल असंच काहीसं वाटत होतं.

"मॅडम," पुढच्या रविवारी ते दारातच थांबून म्हणाले, "खरं सांगा. मी उनू का हाई बंद कसं काय पडस?"

"आबा, बसा तर खरे. जुनं यंत्र आहे, त्याला—"

"नही बसाव. दरवखत तुम्ही माले खिडकीजोडे खुर्चीवर बसाडतस. उखाभाऊ चाय आणस, गार हवा सोडस. मी चाय पेस, मान वळावस, तवलोंग मशीन बंद! पाव्हना करीसन तुम्ही माले याडा बनाई राहिनात." त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि ते यंत्राला खेटून ठेवलं. "आज माले काही नको. चाय नको, पानी नको, हवा नको. माले मन्हा डोयाघाई देखू द्या."

उखाभाऊ सवयीनं व्हरांड्याकडे निघाले होते. आबांनी त्यांचं मनगट धरलं. "कोठे?"

"कूलर लावस ना, आबा. इतलं ऊन..."

"सांगं ना, नको."

सुनंदा मान खाली घालून उभी होती. तिला लाज वाटत होती, मला संताप येत होता. भर दुपारी पंख्याच्या गरम वाऱ्यात आम्ही काम सुरू केलं. कळफलकावर माझ्या कपाळाचा घाम टपकत होता. आबांचा सदरा पाठीला चिकटला, टोपीची कड भिजून पिवळी झाली, पण त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. ओळी वर सरकतायत की नाहीत एवढंच ते बघत होते. मध्येच विचारायचे, "चालू शे का बंद शे?" चालू आहे, मी म्हणायचे. "खरं सांगस का?" मग ते सुनंदाकडे बघायचे आणि तिनं मान हलवली की गप्प व्हायचे. निम्मं झालं. निम्म्याच्या पुढं गेलं. उखाभाऊंनी तर मनातल्या मनात देव पाण्यात घातले असावेत.

काम संपलं. यंत्र बंद करून चालू केलं. तो चार अक्षरांचा शब्द पुरता उमटला, मागून ओळींची रांग धावली आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत यंत्रानं आमचं नाव विचारलं. सुनंदाच्या तोंडून हुंदका की हसू, काहीतरी बाहेर पडलं.

"हाईच का ते?" आबांनी विचारलं. त्यांना बहुतेक चित्रं अपेक्षित होती.

उखाभाऊंना आनंद आवरला नाही. आता तर काम झालं, आता पाहुणचाराला काय हरकत, म्हणून ते पळत व्हरांड्यात गेले आणि त्यांनी कूलर लावला. पंख्याचं ते अवजड पातं घुंई करत फिरायला लागलं, दिवा क्षणभर मंद झाला, टेबलाखालच्या स्टॅबिलायझरनं टक् केलं आणि पडदा काळा झाला.

ओल्या वाळ्याचा वास आत आला.

स्टॅबिलायझरची टकटक दिवसभर चालायची, तिच्याकडे कोणी लक्ष देत नसे. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती. तो कूलर सुरू होताना इतका झटका ओढायचा की त्याच लाइनवरचं आमचं जुनं यंत्र तेवढ्यात मान टाकायचं; कधी तत्काळ, कधी आतल्या आत काहीतरी बिघडून जरा वेळानं. आणि कूलर लागायचा फक्त पाहुणा आला की. आम्ही मान देत होतो आणि यंत्र मरत होतं.

"बंद करा तो," मी ओरडले. यंत्र पुन्हा सुरू झालं, आपल्याला नीट बंद केलं नव्हतं अशी कुरकुर करत डिस्क तपासत बसलं आणि पुन्हा नाव विचारू लागलं. मी खुर्चीत अंग टाकलं. पण आबांचं समाधान झालं नव्हतं.

"परत लावा," ते म्हणाले.

"आबा, कळलं ना आता!"

"तुम्हले कळनं. माले देखू द्या."

उखाभाऊंनी परत लावला. परत टक्, परत काळोख. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा, निदान माझ्यासमोर, समाधानानं मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतला संशय गेला नाही. त्याला बसायला जागा मिळाली एवढंच.

मला त्या दिवशी एक विचित्र आनंद झाला, तो अजून होतो. विश्वास ठेवणाऱ्या माणसाला खुर्चीवर बसवून चहा पाजता येतो. संशयी माणूस स्टूल ओढून जवळ बसतो. माझ्या स्वभावाला नावं ठेवणारे पुष्कळ भेटले, पण संशय म्हणजे एक प्रकारचं लक्ष देणं आहे हे मला त्या घामेजलेल्या माणसाकडे बघून पटलं.

इमारतीच्या त्या बाजूला वीज एकाच तारेनं आलेली होती, परीक्षेआधी ती बदलणं शक्य नव्हतं. म्हणून परीक्षेच्या दिवशी कूलर बंद राहील असं ठरलं. ठरलं खरं, पण नाशिकहून आलेले बाह्य परीक्षक दारात रुमालानं मान पुसत उभे राहिले तेव्हा प्राचार्यांचा जीव कासावीस झाला. इतका मोठा पाहुणा, आणि उकडतंय! मुलंमुली यंत्रांपुढे बसली, दार लोटलं गेलं. मी आत होते, पण खिडकीतून मला व्हरांडा दिसत होता. कूलरच्या बटणाखाली भिंतीला टेकून आबा बसले होते. त्यांना तिथं कोणी बसवलं नव्हतं.

प्राचार्य बटणाकडे आले. आबा उठून उभे राहिले.

"आबा, जरा बाजूला व्हा. साहेबांना त्रास होतोय. थोडा वेळच लावतो."

"नही."

"अहो, पाहुणे आहेत ते!"

"म्हनीसनच," आबा म्हणाले. "पोरीसनाच घाम निंघाले पाहिजे का? साहेबना बी निंघू द्या."

मी खिडकीतून प्राचार्यांकडे बघून हात जोडले. ते परत गेले आणि साहेबांसाठी स्वतः पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. परीक्षा संपेपर्यंत आबा त्या बटणाखालून उठले नाहीत. व्हरांड्यावर ऊन सरकत आलं, त्यांच्या पायांवर आलं, गुडघ्यांवर आलं. आत सुनंदाची बोटं चालत होती.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा लाल झाला होता. परीक्षकांनी तिला पुष्कळ प्रश्न विचारले होते आणि तिनं सगळ्यांची उत्तरं दिली होती, ते मी ऐकलं होतं. आबांनी तिच्याकडे बघितलं, यंत्राकडे बघायचे अगदी तसंच.

"पास व्हशी का?"

"व्हसू, आबा."

"मंग नाशिकले जाशी. नोकरीले."

नाशिकच्या नोकरीची गोष्ट तिनं मावशीलाही सांगितली नव्हती. फक्त मला ठाऊक होती. ती हळूच म्हणाली, "जासू."

आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. आमच्याकडे आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. अंगणात झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि आई-बाप त्या सणाची वर्षभर वाट बघतात. लग्न न झालेल्या लेकीला कोणी आखाजीचं आमंत्रण देत नाही. ती घरातच असते.

"दरसाल आखाजीले घर येशी ना?" आबांनी तिला विचारलं.

"येसू ना, आबा."

त्यांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळले. डोळे तेच, उभ्या उन्हाळ्यात मला छळलेले. "मॅडम," ते म्हणाले, "हाई खरं सांगस का?"

मी त्या मुलीकडे पाहिलं. तिचं लक्ष फाटकापलीकडच्या रस्त्याकडे होतं.

"खरं सांगतेय, आबा," मी म्हटलं. मला तिच्या शब्दाची अजिबात खात्री नव्हती.